मोटारींतील शीतयंत्र आणि दुर्गंध



ध्वनि दूरवर पाठवितां येतो, आतां चित्रहि पाठवितां येतें; वास मात्र या नभोवाणीवरून आपल्यापर्यंत पोहोंचत नाहीं, ही आजच्या भाषणापुरती तरी ईश्वराची कृपाच म्हटली पाहिजे. ज्या वासाविषयीं मला आज बोलावयाचें आहे तो आपल्या दिवाणखान्यांत येऊन पोहोंचला असता, तर आपण माझें भाषण पहिल्याच वाक्याला बंद केलें असतें. मोटारींत बसावें, कांचा वर कराव्या, वातानुकूलनाची कळ दाबावी, आणि थंड हवेच्या पहिल्याच झुळकीबरोबर ओल्या पायमोज्यांचा किंवा आंबलेल्या पोतेऱ्याचा वास नाकांत शिरावा, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांना असेल. कांहीं जण त्याकडे दुर्लक्ष करतात. कांहीं जण सुगंधाची कुपी टांगतात. मीहि टांगली होती. तिचा परिणाम काय झाला तें पुढें सांगतों.

मी यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. माझा जन्म मुलांना शिकविण्यांत गेला. परंतु या एका वासानें माझ्या हातून एका मुलावर अन्याय करविला, आणि त्यानंतर या प्रकरणाचा छडा लावल्यावांचून मला स्वस्थ बसवेना.

गेल्या श्रावणांत आम्ही पुण्याहून चिपळुणास निघालों होतों. मुलगा गाडी चालवीत होता, मी त्याच्या शेजारीं, मागें माझी पत्नी आणि बारा वर्षांचा नातू. पाटण, कोयनानगर मागें टाकून कुंभार्ली घाट उतरूं लागलों तोंच पावसानें झोडपावयास सुरुवात केली. कांचा उघडणें शक्य नव्हतें, आणि शीतयंत्र बंद केलें कीं समोरची कांच आंतून धुरकट होऊन रस्ता दिसेनासा होई. त्यामुळें यंत्र चालू आणि त्याबरोबर वासहि चालू! नातू आदल्या संध्याकाळीं मैदानावर फुटबॉल खेळून आला होता, व त्याची पिशवी गाडींत होती, हें मला ठाऊक होतें. मीं लागलाच निकाल दिला कीं, हा वास त्याच्या पायमोज्यांचा. "आजोबा, माझ्या पिशवींत मोजे नाहींत," असें त्यानें दोनदां सांगितलें. मीं त्याला खोटें बोलल्याबद्दल रागें भरलों. चिपळुणास पोहोंचल्यावर पिशवी उघडली. तींत चेंडू, एक टॉवेल आणि गोष्टीचें एक पुस्तक एवढेंच होतें. मोजे पुण्याच्या घरीं दोरीवर वाळत होते.

परततांना मीं दुसरी चूक केली. बाजारांतून उग्र सुगंधाची एक कुपी आणून ती हवेच्या झरोक्यावर लावून दिली. माझ्या पत्नीला दम्याचा विकार आहे. घाट चढून कोयनानगरपर्यंत येतों न येतों तोंच तिची छाती भरून आली. गाडी कडेला घेऊन, दारें सताड उघडून, औषधाचा पंप देऊन तिला अर्धा तास बाहेर बसवावें लागलें. "अहो, तो वास परवडला, पण हा सुगंध नको," असें ती म्हणाली तें अजून माझ्या कानांत आहे.

पुण्यास आल्यावर प्रथम ज्या गॅरेजांत गेलों तेथें "गॅस कमी झाला आहे" असें सांगून आमच्याकडून गॅस भरण्याचे पैसे घेतले. वास तसाच राहिला. वास्तविक तो वायु बंद नळ्यांतून सारखा फिरत असतो. तो कमी झाला तर हवा थंड होत नाहीं. आमची हवा तर उत्तम थंड होत होती. एवढा तर्क मला त्या वेळीं सुचला असता तर पैसे वांचले असते. शेवटीं शेजाऱ्यांनीं एका वयोवृद्ध मिस्त्र्याकडे पाठविलें. त्यानें गाडींत डोकें घातलें, एक श्वास घेतला, मग माझ्या पायाखालची सतरंजी उचलून तळहातानें दाबून पाहिली. हात ओला झाला. तो हंसून म्हणाला, "गुरुजी, गॅसचं काय घेऊन बसलात? हिचं नाक चोंदलंय."

नाक चोंदणें म्हणजे काय हें समजण्यासाठीं यंत्राची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. शीतयंत्र हवा थंड करतें हें आपण सर्व जाणतों; पण तें हवेंतील पाणी काढून घेतें ही गोष्ट आपल्या लक्षांत नसते. वास्तविक या यंत्राचा जन्मच पाण्यासाठीं झाला. अमेरिकेंत ब्रुकलिन येथील एका छापखान्यांत दमट हवेमुळें कागद कमीजास्त पसरे आणि एकावर एक छापलेले रंग नीट जुळत नसत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर नांवाच्या तरुण इंजिनिअरानें १९०२ सालीं थंड नळ्यांवरून हवा सोडून तींतील ओलावा आटोक्यांत आणण्याची योजना आंखली. माणसांना गार वाटावें हा त्या वेळीं हेतु नव्हता. मोटारींत हें यंत्र कारखान्यांतूनच बसवून देण्याचा मान पॅकार्ड कंपनीकडे जातो. तिनें तशी मोटार १९३९ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत मांडली. त्या यंत्रानें सामानाची निम्मी जागा अडविली होती, आणि तें कायमचें थांबवावयाचें तर गाडी उभी करून, पुढचें झांकण उघडून पट्टा हातानें उतरवावा लागे. आज आपण एक बोट लावतों व काम होतें. त्यामुळेंच कीं काय, आंत काय चाललें आहे याची चौकशी कोणी करीत नाहीं.

आंत चालतें तें असें. समोरच्या फळीमागें एका बंद पेटींत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची एक जाळी असते. मिस्त्री लोक तिला कूलिंग कॉइल म्हणतात. तिच्या नळ्यांतून थंड झालेला वायु खेळतो, व जाळीचें उष्णमान शून्य अंशाच्या थोडेंसेंच वर राहतें. पंखा हवा ओढून या जाळींतून पुढें ढकलतो. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून जसें दंव जमतें, तसें या पत्र्यांवर पाणी जमतें, ठिबकत पेटीच्या तळाशीं येतें आणि तेथील एका रबरी नळीनें गाडीखालीं पडतें. दमट दिवसांत तासाभरांत लिटरभर पाणी सहज निघतें. उभ्या असलेल्या गाडीखालीं ओलें दिसलें कीं नवीन मालक घाबरतो. पण स्वच्छ पाणी पडत असेल तर तें यंत्राच्या आरोग्याचें लक्षण समजावें. घाबरावयाचें तें पाणी पडत नसेल तेव्हां.

आतां या पेटींत काय काय आहे तें पाहा. ओल आहे, अंधार आहे, आणि हवेबरोबर आलेली धूळ, फुलांचे परागकण, कपड्यांचे तंतु, आपल्या त्वचेचे सूक्ष्म कण हें खाद्यहि आहे. गाडी बंद करून आपण घरांत गेलों कीं जाळी हळूहळू कोमट होते. बुरशीला आणि जंतूंना याहून चांगली धर्मशाळा कोठें मिळणार? ते तेथें वाढतात आणि त्यांच्या जीवनक्रियेंतून जीं वायुरूप द्रव्यें निघतात तींच आपल्याला वासाच्या रूपानें जाणवतात. गंमत अशी कीं, पहिल्या पावसांत मातीला येणारा जो सुगंध आपल्याला वेड लावतो, त्यांतहि जमिनींतील सूक्ष्म जीवांचा मोठा वांटा आहे. जातकुळी दूरची कां होईना, पण एकच. एकाला आपण अत्तराच्या कुपींत भरतों, दुसऱ्याला हांकलून देण्यासाठीं धडपडतों.

कळ दाबतांच पहिल्या मिनिटांत वास उग्र येतो आणि पुढें कमी झाल्यासारखा वाटतो, याचीं कारणें दोन. रात्रभर पेटींत कोंडलेली हवा प्रथम एकदम बाहेर येते, हें एक. आणि आपलें नाक कोणत्याहि वासाला थोड्याच वेळांत सरावतें, हें दुसरें. यासाठींच स्वतःच्या गाडीची परीक्षा मालकानें करूं नये. बाहेर मोकळ्या हवेंत असलेल्या एखाद्या स्पष्टवक्त्या पाहुण्यास आंत बसवून विचारावें.

त्या मिस्त्र्यानें पुढें काय केलें तें क्रमानें सांगतों, कारण येथें क्रमालाच महत्त्व आहे. समोरच्या कांचेच्या खालीं, पुढच्या झांकणापाशीं, बाहेरची हवा आंत घेणारी एक जाळी असते. तेथें कडुनिंबाची कुजलेली पानें साचलीं होतीं; आमची गाडी त्याच झाडाखालीं उभी असते. तीं त्यानें काढलीं. नंतर डावीकडच्या बैठकीसमोरील खण उतरवून त्यामागची कागदी चाळणी, म्हणजे केबिन फिल्टर, ओढून काढली. मूळचा पांढरा कागद पाटीसारखा काळा झाला होता व त्याच्या घड्यांत एक पीस अडकलें होतें. ही चाळणी सामान्यतः वर्षाकाठीं किंवा दहा ते पंधरा हजार किलोमीटर चालल्यावर बदलावी असें गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलें असतें. आमच्या गाडीची ती चार वर्षांत कोणीं पाहिलीहि नव्हती. कित्येक जण ती झटकून परत बसवितात. वरची धूळ तेवढी झडते, पण ओलीनें बुरशी लागलेला कागद झटकून शुद्ध होत नाहीं.

मग तो गाडीखालीं शिरला. रबरी नळीचें तोंड मातीनें बंद झालेलें होतें, आणि ती माती चिखल उडून बसलेली नव्हती. कुंभारीण माशीनें तेथें आपलें घर बांधलें होतें! भिंतीच्या कोपऱ्यांत, कुलपाच्या भोंकांत मातीचें घरटें करणारी ही माशी आपण सर्वांनीं पाहिली आहे. तिला अशी नळी म्हणजे आयतीच खोली. कुंभार्ली घाटांत आम्हांला त्रास देणारी अखेर कुंभारीण निघावी, हा योगायोग माझ्या मुलाला फार आवडला. मला त्या वेळीं हंसूं आलें नाहीं. पाण्याला वाट न मिळाल्यामुळें तें पेटींतून उतूं जाऊन सतरंजीखालच्या जाड थरांत मुरत होतें. मिस्त्र्यानें मऊ तारेनें माती कोरून काढली, खालून बेताची हवा मारली, आणि अंगावर उडालेलें गढूळ पाणी पुसत तो बाहेर आला. टोंकदार सळई नळींत कधींहि खुपसूं नये. नळी सुटते किंवा आंतील पेटीला भोंक पडतें.

नळी मोकळी झाल्यावरच त्यानें जाळी धुण्याचें औषध घेतलें. हें फेसाच्या रूपानें डब्यांतून येतें व बाजारांत मिळतें. चाळणी काढलेली, इंजिन बंद, दारें उघडीं अशा स्थितींत तो फेस जाळीवर सोडावयाचा आणि डब्यावर लिहिलेला वेळ, बहुधा दहापंधरा मिनिटें, थांबावयाचें. फेस विरून मळासकट खालच्या नळीनें वाहून जातो. नळी आधीं मोकळी केलेली नसेल तर हेंच घाण पाणी पुन्हां सतरंजीवर येईल, हें सांगावयास नको. त्यानंतर उष्ण हवेची कळ पूर्ण फिरवून, पंखा मोठा ठेवून, उघड्या जागेंत दहा मिनिटें इंजिन चालविलें. त्या वेळीं आंत कोणी बसलें नव्हतें. नवीन चाळणी अगदीं शेवटीं बसविली. तिच्यावर हवेची दिशा दाखविणारा बाण असतो, तो उलटा होऊं देऊं नये. सतरंजी मात्र बाहेर काढून दोन दिवस उन्हांत वाळवावी लागली. ती ओली ठेवून बाकीचे सर्व उपाय केले असते तरी ते फुकट गेले असते.

एवढ्यानें वास गेला. क्वचित् जाळी इतकी लिंपलेली असते कीं फेसाचा उपयोग होत नाहीं व ती बाहेर काढूनच धुवावी लागते. कांहीं गाड्यांत त्यासाठीं समोरची सगळी फळी उतरवावी लागते. तें काम खर्चाचें. आधीं वरील साधे उपाय झाले आहेत कीं नाहींत याची खातरी करून घेतल्याशिवाय त्याला संमति देऊं नये.

आतां घरगुती उपायांविषयीं. लोणारी कोळसा किंवा खाण्याचा सोडा वाटींत ठेवल्यास कोंडलेला वास थोडा शोषला जातो. परंतु जाळीवरची बुरशी त्यानें मरत नाहीं. डांबराच्या गोळ्या गाडींत कधींहि ठेवूं नयेत. त्यांची वाफ बंद जागेंत श्वासावाटें शरीरांत जाते, आणि कांहीं लहान मुलांची रक्ताची घडणच जन्मतः अशी असते कीं त्या वाफेनें त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. कपडे शुभ्र करण्याचें क्लोरिनयुक्त औषध कोणी जाळीवर मारावयास सांगितलें तर ऐकूं नये. तें ॲल्युमिनियमला खातें, व अम्लाशीं मिसळलें तर विषारी वायु सुटतो. ओझोन सोडणारीं यंत्रें कांहीं ठिकाणीं वापरतात. ओझोन फुप्फुसांना अपायकारक असल्यामुळें गाडी रिकामी असतांनाच तो प्रयोग व्हावा व नंतर ती चांगली वाऱ्यावर ठेवावी.

वास पुन्हां येऊं नये म्हणून एक संवय लावून घ्यावी. मुक्काम चारपांच मिनिटांवर आला कीं शीतयंत्राची कळ बंद करावी, पंखा मात्र चालू ठेवावा, आणि हवा आंतल्या आंत फिरविणारा खटका बदलून बाहेरची हवा घ्यावी. त्यामुळें जाळी बरीचशी कोरडी होऊन मग गाडी थांबते. कांहीं नव्या गाड्या इंजिन थांबल्यावर आपण होऊन पंखा फिरवून जाळी वाळवितात. परंतु येथें एक इशारा देणें अवश्य आहे. मुसळधार पावसांत, विशेषतः घाटांत, ही युक्ति करूं नये. ओल्या जाळीवरची वाफ एकदम आंत येते आणि क्षणांत समोरची कांच धुरकट होते. अशा दिवशीं घराच्या दाराशीं गाडी उभी करून मग पंखा चालवावा. आंतल्या आंत हवा फिरविण्याचा खटका शहरांतील धुरांत उपयोगी खरा. पण तो वर्षभर तसाच ठेवला तर आपल्याच श्वासाची वाफ पुन्हां पुन्हां जाळीवर बसते.

प्रत्येक वास बुरशीचा नसतो हेंहि सांगितलें पाहिजे. मेलेल्या उंदराचा वास ओळखावयास शिक्षक लागत नाहीं. पावसाळ्यांत उंदीर उबेसाठीं इंजिनाच्या खोलींत व तेथून हवेच्या पेटींत शिरतात. गोडसर वास येत असेल आणि कांचेवर तेलकट पापुद्रा धरत असेल, तर इंजिन थंड ठेवणारा द्रव उष्ण हवेच्या जाळींतून आंत गळत असण्याचा संभव आहे. तो द्रव बहुधा विषारी असतो. सडक्या अंड्यांचा वास अति तापलेल्या बॅटरीचा किंवा धूर शुद्ध करणाऱ्या भागांतील बिघाडाचा असूं शकतो. पेट्रोलचा किंवा जळक्या तारेचा वास आला तर भाषणें आठवीत बसूं नये. गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावें आणि सर्वांनीं खालीं उतरावें. सुगंधाच्या कुपीविरुद्ध माझी मोठी तक्रार हीच आहे कीं, ती या सर्व सूचना झांकून टाकते.

आणि ज्याला वासच नाहीं असा एक शत्रु आहे. इंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड नाकाला मुळींच कळत नाहीं. प्रवासांत थकून कांचा लावून, इंजिन व शीतयंत्र चालू ठेवून उभ्या गाडींत झोंपणारे लोक मीं रस्त्यावर पाहिले आहेत. धुराची नळी फुटलेली असली किंवा गाडी बंदिस्त जागीं उभी असली तर अशी झोंप शेवटची ठरते. आपल्या घरांतील गाडी चालविणाऱ्या प्रत्येकास हें आजच सांगा.

नातवाची क्षमा मीं त्याच मिस्त्र्याच्या दुकानांत मागितली. मातीचें तें लहानसें घरटें त्याच्या हातावर ठेवून म्हटलें, "हा तुझा साक्षीदार." त्यानें तें आगपेटींत घालून शाळेंत नेलें. कुंभारीण यंदाहि आमच्या वाहनगृहांत फिरतांना दिसली आहे. दर रविवारीं सकाळीं नातू गाडीखालीं वाकून नळीचें तोंड पाहतो, आणि यंत्र पांच मिनिटें चालवून खालीं थेंब पडूं लागले म्हणजे मला हांक मारतो.